साठीनंतरची फारकत आणि डोक्यावरचे छप्पर

आपल्या धर्मग्रामांत कोणाच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव असला, की वेदीसमोर उभ्या असलेल्या त्या वयस्कर जोडप्याकडे सारे कौतुकाने पाहतात. मुले-सुना, नातवंडे, शेजारीपाजारी असा गोतावळा जमतो आणि धर्मगुरूही कृतज्ञतेचे चार शब्द बोलतात. परंतु घरभेटींना निघालेल्या धर्मगुरूला कधी कधी दुसरेही चित्र दिसते. एकाच छपराखाली दोन चुली असतात. पुढच्या खोलीत तो, मागच्या पडवीत ती. बोलणे बंद होऊन वर्षे लोटलेली असतात. मुले शिकून पुण्याला किंवा चाकणला नोकरीस लागली, आईवडिलांना बांधून ठेवणारा शेवटचा धागाही सैल झाला आणि मग साठीच्या उंबरठ्यावर कोणीतरी वकिलाचा पत्ता विचारत येते.

अशा वेळी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, "या वयात हे कशाला?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. उद्यापासून ही बाई राहणार कोठे? आणि जेवणार कशावर? आजच्या लेखात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील संसार डोळ्यांसमोर ठेवून या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

दोन निवाडे, दोन वाटा

गेल्या काही वर्षांत उतारवयातील घटस्फोटाची दोन प्रकरणे देशभर चर्चिली गेली. पहिले प्रकरण वायुदलातील एका निवृत्त अधिकाऱ्याचे. त्यांचा विवाह १९६३ सालचा. निकालाच्या वेळी त्यांचे वय ८९ आणि त्यांच्या निवृत्त शिक्षिका पत्नीचे ८२ वर्षे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीची घटस्फोटाची मागणी नाकारली. घटस्फोटित म्हणून आपला शेवट होऊ नये, ही त्या वृद्ध पत्नीची भावना न्यायालयाने महत्त्वाची मानली.

दुसरे प्रकरण हरियाणातील कर्नाल जिल्ह्याचे, आणि ते आपल्या भागाला अधिक जवळचे आहे. १९८० साली विवाह झालेले हे दांपत्य २००६ पासून विभक्त राहत होते. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात तडजोड झाली. सत्तरीतील पतीने ३ कोटी ७ लाख रुपये देण्याचे मान्य केले. त्यासाठी त्यांना शेतजमीन विकावी लागली आणि ऊस वगैरे पिकांचे पैसे तसेच सोने-चांदी द्यावी लागली. या रकमेनंतर पतीच्या मृत्यूपश्चातही पत्नी व मुलांचा त्यांच्या मालमत्तेवर दावा राहणार नाही, असेही करारात लिहिले गेले.

पहिल्या प्रकरणात विवाहबंध टिकला, दुसऱ्यात तो कायद्याने सुटला. परंतु दुसऱ्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. शेतकरी कुटुंबात उतारवयातील घटस्फोट म्हणजे अखेरीस जमिनीची वाटणी किंवा विक्री. ज्यांच्याकडे विकण्याजोगी पुष्कळ जमीन आहे त्यांचे भागते. ज्यांच्याकडे दोन-तीन एकर आणि त्यावर सोसायटीचा बोजा आहे, त्यांचे काय?

उसाच्या पट्ट्यातील संसार

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती व इंदापूरच्या बागायती पट्ट्याचे रूप पालटले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी आणि नीरा-भीमा या सहकारी कारखान्यांभोवती येथील अर्थकारण फिरते. या अर्थकारणाची एक रीत आहे. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे, म्हणून कारखान्याचा भाग त्याच्या नावे. भाग त्याच्या नावे, म्हणून उसाची नोंद त्याच्या नावे. नोंद त्याच्या नावे, म्हणून बिलही त्याच्याच खात्यावर. विकास सोसायटीचे पीककर्ज आणि जिल्हा बँकेचे पासबुकही त्याच ओळीत बसते. लागणीचे बेणे मांडणारी, खुरपणी करणारी, गोठ्यातील जनावरांचे शेणपाणी आणि दोन्ही वेळच्या धारा सांभाळणारी स्त्री या कागदांच्या साखळीत कोठेच नसते. चाळीस वर्षांचे कष्ट आणि एकाही उताऱ्यावर नाव नाही, अशी तिची अवस्था असते.

संसार सुरळीत चालला आहे तोवर याचे कोणाला काही वाटत नाही. "नाव कोणाचेही असो, घर तर आपलेच आहे," असे म्हणून विषय मिटतो. संसार मोडतो त्या दिवशी मात्र 'आपले' हा शब्द कायद्याच्या पुस्तकात नाही, हे लक्षात येते.

नोकरदारांची गोष्टही फार वेगळी नाही. वालचंदनगरसारख्या औद्योगिक वसाहतीत कामगाराला घर मिळते ते नोकरीपुरते. नोकरी संपली की ते घरही सोडावे लागते. म्हणजे संसार जेथे फुलला ते घर दोघांपैकी कोणाचेच नसते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या फंडाच्या पैशातून गावठाणात दोन खोल्या बांधल्या जातात, त्या पुन्हा त्याच्याच नावे. निवृत्तिवेतनाचे म्हणाल, तर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली ती दरमहा १,००० रुपये. त्यातून एक चूल धड चालत नाही, दोन कोठून चालणार? शिवाय पती वारल्यावर मिळणारे निवृत्तिवेतन विधवेसाठी असते. घटस्फोट झालेली पत्नी कायद्याने विधवा ठरत नाही.

तीन एकरांचे गणित

आपल्या वाचकांना वारशाचा कायदा ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण तो शेजारच्या हिंदू कुटुंबाच्या कायद्याहून वेगळा आहे. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात वडिलांच्या मिळकतीत मुलांना जन्मतः हक्क नसतो आणि पतीच्या हयातीत पत्नीलाही त्याच्या मिळकतीत मालकीचा वाटा नसतो. पती मृत्युपत्र न करता वारला आणि मागे मुले असली, तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश हिस्सा मिळतो.

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका घरचे नाही, समजुतीसाठी रचलेले आहे. पतीच्या नावे तीन एकर बागायत आहे. पत्नीचे वय ६२. पती मृत्युपत्र न करता वारला, तर तिला एक एकर मिळेल. घटस्फोटाचा हुकूम झाला आणि तो दुसऱ्याच दिवशी वारला, तर वारस म्हणून तिला एक गुंठाही मिळणार नाही. हाती राहील ते हुकूमनाम्यात लिहिले असेल तेवढेच. म्हणून साठीनंतर घटस्फोटाच्या कागदावर सही करणारी स्त्री नवऱ्याला सोडते एवढेच नव्हे, उद्याचा वारसाही सोडते. ही गोष्ट तिला सही करण्यापूर्वी कोणीतरी समजावून सांगितली पाहिजे.

न्यायिक विभक्ततेचा मार्ग या दृष्टीने वेगळा आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यातच त्याची तरतूद आहे. त्यात दोघे कायदेशीररीत्या स्वतंत्र राहतात, पोटगी मागता येते आणि विवाहबंध कायम राहतो. ती पत्नीच राहते, म्हणून वारसाचे नातेही तुटत नाही. मात्र पतीने मृत्युपत्र करून सारे दुसऱ्याला देऊन टाकले, तर हा वाटाही जाऊ शकतो, कारण आपल्याकडे ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्र करण्याचे स्वातंत्र्य जवळजवळ पूर्ण आहे.

कायदा काय देतो

१८६९ चा कायदा मुळात स्त्रीला फार कठोर होता. पतीला केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागता येई. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी कारण सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये या विषमतेवर बोट ठेवले आणि २००१ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. त्याच दुरुस्तीने परस्पर संमतीने घटस्फोटाची वाट खुली केली. याच कायद्याच्या कलम ३७ नुसार न्यायालय पत्नीला एकरकमी किंवा वार्षिक कायम पोटगी मंजूर करू शकते आणि ती सुरक्षित करून देण्यास पतीला सांगू शकते.

'सुरक्षित करून देणे' हे शब्द उतारवयात सर्वांत मोलाचे आहेत. दरमहा खिशातून दिली जाणारी पोटगी देणाऱ्याच्या आयुष्यावर आणि मर्जीवर अवलंबून असते. सत्तर वर्षांच्या माणसाच्या मर्जीवर पुढच्या वीस वर्षांचा भरवसा कसा ठेवावा? म्हणून शक्य तेथे एकरकमी तडजोड, किंवा जमिनीवर पोटगीचा बोजा चढवून उताऱ्यावर त्याची नोंद, असा आग्रह धरावा. मासिक रक्कमच ठरली, तर महागाईप्रमाणे वाढही लिहून घ्यावी. मे २०२५ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीत दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ घालून दिली होती.

उत्पन्न सिद्ध करणे ही शेतकरी घरातील मोठी अडचण. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकराचे विवरणपत्र बहुधा नसतेच. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे मार्गदर्शन केले. आपल्या भागात या प्रतिज्ञापत्राला आधार देणारे कागद म्हणजे सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिले, सोसायटीचा खातेउतारा आणि दूधसंस्थेचे पुस्तक. त्यांच्या प्रती वेळीच जवळ ठेवणे यात कपट नाही, सावधपणा आहे.

घराबाबत २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा महत्त्वाचा आहे. संसार ज्या घरात झाला त्या घरात राहण्याचा हक्क तो स्त्रीला देतो, मग घर तिच्या नावे असो वा नसो. ते सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि घटस्फोटानंतर तो वादाचा विषय होऊ शकतो. म्हणून घराची व्यवस्था हुकूमनाम्यातच स्पष्ट शब्दांत यावयास हवी.

साठी ओलांडलेल्या कोणाही आईवडिलांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून निर्वाह मागता येतो. त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही; बारामतीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. हा कायदा पुरुषांनाही तेवढाच लागू आहे आणि ते सांगणे आवश्यक आहे. सारी जमीन मुलांच्या नावे करून बसलेला आणि मग पत्नी मुलांकडे गेल्यावर रिकाम्या घरात एकटा पडलेला म्हाताराही आपल्याच धर्मग्रामात असतो. त्याच्या एकाकीपणाची दखल कोणी घेत नाही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

ख्रिस्तसभेची भूमिका

येथे काही वाचक विचारतील, विवाहबंध अभेद्य मानणाऱ्या ख्रिस्तसभेच्या व्यासपीठावर घटस्फोटाचे हिशोब कशाला? उत्तर असे, की ख्रिस्तसभेने विवाहाची अभेद्यता शिकवली आहे, अन्याय सहन करण्याची सक्ती नव्हे. धर्मसभेच्या कायद्यातील ११५३ व्या नियमानुसार, जोडीदारामुळे आत्म्याला वा देहाला गंभीर धोका असेल किंवा सहजीवन असह्य होत असेल, तर विभक्त राहण्यास न्याय्य कारण असते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाचा २३८३ वा परिच्छेद तर याहून पुढे जातो. काही न्याय्य हक्क, मुलांचा सांभाळ किंवा वारशाचे रक्षण यांसाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन करता येतो आणि त्यात नैतिक अपराध घडत नाही, असा त्याचा आशय आहे. अशा व्यक्तीने दुसरा विवाह केला नसेल, तर तिला साक्रामेंतांपासून दूर राहण्याचे कारण नाही. "आता आम्हाला कम्युनियन चालत नाही ना, फादर?" असे दबक्या आवाजात विचारणाऱ्यांना हे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. धर्मप्रांताच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला की सरकारदरबारीही तो संपला, असे काहींना वाटते. तसे नाही. चर्चच्या न्यायासनाच्या निर्णयाला दिवाणी घटस्फोटाची मान्यता द्यावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. सातबारा, बँक आणि निवृत्तिवेतन या सर्वांसाठी दिवाणी न्यायालयाचाच हुकूम लागतो.

इतरत्र काय घडले

आपल्या शेजारच्या गोव्यात चित्र निराळे आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून तेथे विवाहानंतर मिळकत उभयतांची मानण्याची रीत आहे. वेगळा विवाहपूर्व करार नसेल, तर निम्मी मिळकत पत्नीची असते आणि तिच्या संमतीविना पतीला स्थावर विकता येत नाही. गोव्यातील एखादी कॅथोलिक बाई आणि इंदापूरची तिची धर्मभगिनी एकच विवाहसंस्कार स्वीकारतात; पण एकीच्या नावे पहिल्या दिवसापासून अर्धे घर असते, दुसरीच्या नावे चाळीस वर्षांनंतरही काही नसते.

इंग्लंडमध्ये २००० साली एका दूध उत्पादक शेतकरी दांपत्याचा खटला सर्वोच्च पातळीवर गेला. तीस वर्षांहून अधिक काळ दोघांनी मिळून शेती केली होती. कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात भेदभाव करू नये, आणि वाटणी समानतेच्या कसोटीवर तपासून पाहावी, असे तत्त्व तेथील न्यायाधीशांनी घालून दिले. जपानमध्ये २००७ पासून घटस्फोटाच्या वेळी पतीच्या नोकरीतील निवृत्तिवेतनाच्या नोंदींची विभागणी करता येऊ लागली. आपल्याकडेही जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, पतीच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत गृहिणीच्या श्रमाचा समान वाटा मान्य केला. पण हा एका उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. संसद जोवर कायदा करत नाही, तोवर बारामतीच्या न्यायालयात प्रत्येक स्त्रीला आपला वाटा शून्यापासून सिद्ध करावा लागेल.

वाट आपल्याच जिल्ह्यातून गेली होती

यावर उपाय शोधण्यासाठी गोव्याला किंवा इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. याच पुणे जिल्ह्यातील आंबेठाण येथे राहून शरद जोशी यांनी शेतकरी संघटना उभी केली. १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. पुरुषांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा, अशी ती हाक होती. तिला प्रतिसाद देऊन शासनाने १९९२ मध्ये पतीच्या अर्जावरून सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना काढली. २००३ मध्ये गावातील घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याचे निर्देश ग्रामपंचायतींना दिले गेले. निवासी घर किंवा शेतजमीन पत्नीला बक्षीसपत्राने द्यावयाची असल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, आणि वर काही अधिभार, इतकेच लागते. ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. ते पत्रक हाती येण्यापूर्वी दुसरे नाव घालून घेणे अवघड नाही.

म्हणजे दार उघडे आहे. आपण आत गेलेलो नाही. आणि या बाबतीत आम्हा धर्मगुरूंचीही चूक आहे. विवाहपूर्व शिबिरांत आम्ही प्रेम, क्षमा, मुलांचे संगोपन यांवर तासन् तास बोलतो. 'घर कोणाच्या नावे करणार?' हा प्रश्न आम्ही विचारत नाही. तो विचारला तर प्रेमाला व्यवहाराचा स्पर्श होईल अशी भीती वाटते. पण ज्या पुरुषाने वेदीसमोर आपले सर्वस्व देण्याचे वचन दिले, त्याला अर्धे घर देणे जड का जावे?

एक सूचना करावीशी वाटते. ज्या वर्षी विवाहाचा रौप्यमहोत्सव येईल, त्या वर्षी सोन्याच्या अंगठीआधी तलाठी कार्यालयात, ज्याला आता ग्राम महसूल अधिकाऱ्याचे कार्यालय म्हणतात, एक अर्ज द्यावा. ग्रामपंचायतीत एक नाव वाढवावे. बँकेचे खाते संयुक्त करावे, वारसनोंदी तपासाव्यात, मृत्युपत्र करावे. ज्यांचा संसार सुखाचा आहे त्यांचे यात काहीच जाणार नाही. ज्यांचा उद्या मोडेल, त्यांच्यापैकी कोणीही रस्त्यावर येणार नाही. आणि हेही खरे, की ज्या घरात दोघांचेही नाव असते त्या घरात एकमेकांशी बोलण्याची सवय थोडी अधिक काळ टिकते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आद्य ख्रिस्तसभेतील पहिल्या तक्रारींपैकी एक नोंदली आहे. ती धर्मसिद्धांताची नव्हती. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते, अशी होती. प्रेषितांनी ती क्षुल्लक मानली नाही. त्यांनी शिष्यगणाला सात माणसे निवडावयास सांगून ते काम त्या सातजणांकडे सोपवले. आपल्या धर्मग्राम परिषदांनीही कायदा जाणणाऱ्या दोन-तीन भगिनी-बंधूंना असे काम सोपवावे. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून बसलेल्या आपल्या बहिणीला उपदेशाआधी कोणीतरी तिचा सातबारा वाचून दाखवणारा हवा आहे.